आजोळचा नारळ

आसेगावच्या पुंजाजीला बैल पारखायला बाजारात नेलं, तर तो बाजारात बैलाकडं बघतच नसे. मालक बिचारा बैलाच्या शिंगांना तेल लावून, पाठीवर झूल टाकून, मोठ्या हौसेनं उभा असायचा, आणि हा बुवा भलतीकडंच तोंड करून तंबाखू मळत राहायचा. मग हळूच विचारायचा, "गाव कोनतं म्हनलं तुमचं?" झालं. दुसऱ्या दिवशी न सांगता-सवरता त्या गावात हजर. बैल कोठ्यात कसा उभा राहतो, कुटार खाताखाता मान कुठं वळवतो, घरच्या बाईची हाक आली की कान टवकारतो का, लहान पोर जवळ गेलं की पाय सावरून घेतो का, हे सगळं उकिडवा बसून बघायचा आणि मगच हो की नाही ते सांगायचा.

"बाजारात तं समदेच बैल नवरदेव असतेत," तो म्हणायचा. "कोठ्यात पाहा, मंग समजते."

एखादा मालक बैलाचं वय चोरून सांगायला लागला तर पुंजाजी त्याच्याशी वाद घालत नसे. शांतपणे ऐकून घ्यायचा, त्याच्या तोंडाकडं एकदा बघायचा आणि म्हणायचा, "बरं." एवढंच. त्या 'बरं'ला अख्खा मंगरूळपीरचा बाजार भ्यायचा, कारण पुंजाजीनं 'बरं' म्हटलेला बैल त्या दिवशी विकला जात नसे. बदरुद्दीन व्यापाऱ्याचा जन्म बैलांच्या खरेदी-विक्रीत गेला, पण स्वतःच्या गाडीला जुंपायचा बैल घ्यायचा झाला की तोही पुंजाजीला बोलावणं पाठवायचा. आता याच्यापुढं काय सांगावं!

अशा माणसाला फसवलं. परक्यानं फसवलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. बाजारात बसलं की कधी ना कधी कोणी टोपी घालतोच. पण इथं केसानं गळा कापला तो घरच्यांनी, आणि तोही त्याला हार घालून.

पुंजाजीला एकच बहीण, सोजरबाई. मायबाप लवकर गेले, तेव्हा यानंच तिला लहानाची मोठी केली आणि शेलूबाजारच्या नानाजीला दिली. नानाजी माणूस गोड बोलणारा. इतका गोड, की ऐकणाऱ्याच्या मिशीला मुंग्या लागाव्यात. त्यांना एक मुलगा, जानराव. पुढं काही वर्षांनी पुंजाजीच्या घरी पंचफुला जन्मली, तेव्हा बारशाच्या दिवशी सोजरबाईनं सगळ्या बायांच्या देखत पोर पाळण्यातून उचलली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "हे माही सून. कोनी इचारायचं काम नाई." कोणी विचारलंही नाही. भाच्यावर मामाच्या लेकीचा पहिला हक्क, हे काय सांगायला लागतं?

तेव्हापासून दर दिवाळीला शेलूबाजारहून लुगडं यायचं. आधी बाहुलीएवढं, मग हातभर, मग पोरीबरोबर वाढत गेलेलं. पंचफुला पंधरा वर्षांची झाली, तोवर लुगडंही नऊवारी झालं. जानराव घरी आला की ती धान्याच्या कोठीमागं पळायची, आणि त्याचं नाव म्हणून कधी तोंडातून काढायची नाही. नाव न घेताच तिला त्याची सगळी खबर पाहिजे असायची.

त्या मुलखात लग्न जुळवायची एक रीत होती. मुलाच्या मायबापाला मुलगी दहादा पसंत असो, जोवर मुलाचा मामा मुलीच्या घरी जेवत नाही आणि आपल्या हातानं तिच्या हातावर नारळ ठेवत नाही, तोवर सोयरीक पक्की धरत नसत. त्याला आजोळचा नारळ म्हणायचे. एकदा तो ठेवला की पंचांनाही मग बोलायची सोय नाही. पुंजाजी यावर मोठ्यानं हसायचा. "माह्यं कसं करायचं बापा? मामा बी मीच, सासरा बी मीच. माह्याच घरी जेवून माह्याच लेकीले नारळ द्यायचा!" हा विनोद त्यानं इतक्या वेळा केला होता, की पंचफुलाची माय तो सुरू झाला की पदर तोंडाला लावून चुलीकडं निघून जायची.

जानराव वाशीमच्या शाळेतून मॅट्रिक झाला. घराण्यातला पहिलाच. पुंजाजीनं आसेगावात पेढे वाटले, बापाच्याही आधी! आणि चारेक दिवसांत नानाजीची गाडी दारात उभी राहिली.

"इवाई," नानाजी ओसरीवर बसता बसता म्हणाला. लग्न व्हायच्या आधीपासूनच तो मेव्हण्याला व्याही म्हणायचा, तेवढाच गोडवा. "पोट्टं तं पास झालं. आता म्होरं दोन कॉलेजं हायत. एक अमरावतीचं, ते केलं की वकिली. दुसरं नागपूरचं, शेतकीचं, ते केलं की साहेबाची नोकरी. मले त्यातलं काय समजते? मी शेलूबाजाराच्या म्होरं गेलो नाई कदी."

"मंग मले काय समजते?"

"तुमाले नाई तं कोनाले? अख्ख्या तालुक्याचे बैल पारखता तुमी. कॉलेज पारखनं काय अवघड हाय? आन पोरगं कोनाचं? माह्यं कमी, तुमचं जास्त. उद्या तुमचाच जवाई. पोट्ट्याले घेऊन जा, दोनी पाहा, तुमी म्हनसान ते कॉलेज."

चढला की पुंजाजी हरभऱ्याच्या झाडावर! छाती हातभर फुगली. अंगठा उमटवणाऱ्या माणसाला कॉलेज निवडायला सांगितलंय, आणि तेही घराण्यातल्या पहिल्या शिकलेल्या पोरासाठी. त्यानं लगेच बायकोला हाक मारली आणि शिदोरी कधी होईल ते विचारलं.

निघता निघता नानाजी म्हणाला, "नागपुरात कोठं उतरायचं याची फिकीर करू नोका. डोमाजी वकील माह्या चांगल्या ओळखीचे हायत. आपलेच, सोयरसंबंधातले. तिथंच राहा."

शेलूबाजाराच्या पुढं कधी न गेलेल्या माणसाची नागपूरच्या वकिलाशी चांगली ओळख कशी, हे पुंजाजीनं विचारलं नाही. समोर बैल असता तर विचारलं असतं. पण हा बैल नव्हता, बहिणीचा नवरा होता.

जायच्या सकाळी पंचफुला शिदोरी बांधत होती. मान खाली घालूनच तिनं विचारलं, "बाबा, थंडी कोठं जास्त पडते? अमरावतीले का नागपूरले?"

"कायले वो?"

"असंच. वाकळ शिवायले घेतली हाय. जाड करू का पातळ, समजून नाई राह्यलं."

आत्यानं दिवाळीला धाडलेली सगळी जुनी लुगडी तिनं उसवून काढली होती आणि त्यांची वाकळ शिवायला बसली होती. कोणासाठी, ते विचारायची गरज नव्हती. पुंजाजी गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "पाहून येतो अन् सांगतो. तवरोक जाडच शिव."

मंगरूळपीरहून सर्व्हिस मोटर, कारंज्याहून लहान रुळांची आगगाडी, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत बदल, असं करत मामा-भाचे अमरावतीला पोचले. कॉलेजची इमारत दगडी, भव्य. जानराव बघतच राहिला. मामानं मात्र इमारतीकडं पाठ केली आणि शिपायाला विचारलं, "पोट्टे जेवतेत कोठं?"

खानावळीत जाऊन त्यानं वरणात बोट बुडवून चाखलं. पातळ होतं. पण पोरं भांडून भांडून जेवत होती, ते त्याला आवडलं. आजारी पोराला रात्री पाणी कोण देतं, घरची आठवण आली म्हणून रडणाऱ्याला बाकीचे हसतात की काय करतात, असलं काहीबाही तो विचारत बसला. स्वयंपाकी कंटाळला, पण सांगत गेला. तेवढ्यात पलीकडून आवाज वाढल्याचं ऐकू आलं. बघतो तर जानराव तिथल्या पोरांच्या घोळक्यात उभा, गळ्याच्या शिरा ताणून स्वराज्यावर वाद घालतोय, आणि पोरं त्याला आणखी डिवचतायत. मामा सोबत आहे हेच विसरला होता. पुंजाजी दाराशी उकिडवा बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. हे पोरगं इथं रुळेल, अशी त्याची खात्री पटली.

मग नागपूर. डोमाजी वकिलांचं घर ऐसपैस, अंगणात बोरिंगचं पाणी. स्वागत असं, की पुंजाजी लाजून गेला. पाय धुवायला गरम पाणी काय, बसायला गादी काय! जेवायला पाटवडीचा रस्सा. वाढायला वकिलांची मुलगी विजयमाला. सोळा-सतरा वर्षांची, शाळेत जाणारी, पण वागायला गरीब. पुंजाजीला वाचता येत नाही हे कळलं तेव्हा तिनं न हसता त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, आणि कपाशीचे भाव पुन्हा एकदा वाचले. पुंजाजीला ती फार आवडली. का आवडू नये? पोरगी खरंच गुणी होती, तिचा यात काय दोष! जानराव मात्र ताटातून मान वर करत नव्हता. मामाला वाटलं, शहरातल्या माणसांना बुजतोय.

दुसऱ्या दिवशी शेतकी कॉलेज बघितलं, आणि पुंजाजीचं भान हरपलं. काय ते वखरलेलं वावर, एक ढेकूळ दिसेल तर शपथ! काय तो कोठा! गवळाऊ जातीचे पांढरेशुभ्र बैल ओळीनं बांधलेले, खाली कोरडी जमीन, पुढ्यात सरकीची ढेप. एका बैलाच्या गळ्याखाली त्यानं खाजवलं तर बैलानं मान सरळ त्याच्या खांद्यावर टाकली. मामा पन्नाशीचा नसता तर त्यानं स्वतःचंच नाव घातलं असतं तिथं.

पण तो पारखी होता. आपल्याला काय आवडलं हे बाजूला ठेवून तो भाच्याकडं बघू लागला. जानरावानं ना मातीला हात लावला, ना बैलाकडं नजर टाकली. उभा होता वावरात, पण मान सारखी रस्त्याकडं, डोमाजी वकिलांच्या घराच्या दिशेनं. "मामाजी, चाला आता, ऊन होऊन राह्यलं," असं त्यानं दोन-तीनदा म्हटलं. पुंजाजीनं मनाशी खूणगाठ बांधली. पोराचा जीव शेतकीत नाही. जिथून जनावर मान फिरवतं, तिथं त्याला बांधू नये.

मान फिरली हे त्यानं बरोबर हेरलं. ती कशाकडं फिरली, तेवढं मात्र त्यानं पाहिलं नाही.

निघायच्या वेळी वकिलांच्या घरी बैठकीत चार माणसं जमली होती. त्यात नानाजीचा चुलता उकर्डाजी दिसला, तेव्हा पुंजाजीला नवल वाटलं. "कोर्टाच्या कामानं आल्तो," उकर्डाजी म्हणाला. वकिलीणबाई विजयमालेला घेऊन बाहेर आल्या. पोरीनं पुंजाजीच्या पायावर डोकं ठेवलं. बाईंच्या हातात ताट होतं, त्यात नारळ.

"हिची परीक्षा आहे औंदा," बाई म्हणाल्या. "घरात कोणी म्हातारं माणूस नाही. तुमच्या हातानं आशीर्वाद द्या."

पुंजाजीचे डोळे भरून आले. त्यानं नारळ उचलला, आपल्या कपाळाला लावला आणि पोरीच्या हातावर ठेवला. वर तोंड भरून म्हणाला, "सोन्यासारखी पोर हाय. ज्या घरी जाईन, ते घर उजळन."

आता तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट त्याला कळली कशी नाही? अहो, कळायला आधी मनात तसा संशय यावा लागतो! ज्या नवरदेवाची नवरी आपल्याच घरी वाकळ शिवत बसलीय, त्याच्यासाठी दुसऱ्या दारी नारळ निघेल, हे कोणत्या बापाच्या ध्यानी येईल? आणि तो नवरदेव तर त्याच्या शेजारीच उभा होता, पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत.

परतीच्या गाडीत गर्दी होती. पुंजाजीनं आपली घोंगडी खाली अंथरून भाच्याला त्यावर बसवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला. बडनेऱ्याच्या अलीकडं जानराव म्हणाला, "मामाजी..."

"काय बे?"

"काई नाई."

पुंजाजीनं शिदोरीतला उरलेला लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. भूक लागली असेल पोराला, असं त्याला वाटलं.

दोन दिवसांनी निकाल सांगायला तो शेलूबाजारला गेला. वाटभर भाषणाची जुळवाजुळव केली. नानाजीच्या अंगणात मांडव नव्हता एवढंच, बाकी माणसं लग्नासारखी जमली होती. पंच बसले होते, उकर्डाजी बसला होता, आतून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. आपल्या निकालासाठी एवढी मंडळी बोलावली, याचा पुंजाजीला अभिमान वाटला! तो मधोमध बसला, पाणी प्यायला आणि सांगू लागला. खानावळीचं वरण, पोरांचं भांडण, शेतकीचे बैल, सगळं सांगितलं. मंडळी माना डोलावत होती. शेवटी मांडीवर थाप मारून तो म्हणाला, "माह्या मनानं इचारसान तं नागपूर. पन पोट्ट्याच्या मनानं अमरावती. तं अमरावती."

मग उकर्डाजी हसला.

"पुंजाजीभाऊ, नाव तं नागपुरात कवाचंच घातलं. डोमाजी वकिलानं समदं करून टाकलं. जवाई त्याह्यच्याच घरी राह्यनार, कॉलेज जवळ पडते."

"कोनाचा जवाई?"

"ऐका! कोनाचा म्हन्ते!" उकर्डाजी पंचांकडं वळला. "माह्या डोयानं पाह्यलं म्या. या मानसानं वकिलाच्या घरी जेवून, आपल्या हातानं आजोळचा नारळ पोरीच्या हातावर ठेवला. कपायाले लावून ठेवला. घर उजळन म्हनला. घरात सोताची लेक नवरी असून, भाच्याचं शिक्षन व्हावं म्हनून हक्क सोडला! असं काळीज असा लागते, बापा!"

पंचांनी वाहवा केली. एका म्हाताऱ्यानं तर उठून पुंजाजीच्या खांद्यावर शेला टाकला. नानाजी हात जोडून उभा होता, डोळ्यांत पाणी आणून. ते पाणी कुठून आणतो कोण जाणे!

सगळं एकदम पुंजाजीच्या डोळ्यांपुढं आलं, ती गादी, ते गरम पाणी, तो उकर्डाजी, ती रस्त्याकडं वळलेली मान. त्यानं खांद्यावरचा शेला ओढून फेकला. "मले कोनी सांगतलं नोतं!" तो ओरडला. "फसवलं मले! नारळ परीक्षेचा म्हनून देल्ला म्या! हरामखोरहो, आशीर्वाद म्हनून देल्ला!"

मंडळी समजूतदारपणे हसली. "पाहा, मोठेपना बी नोको त्याले," म्हाताऱ्यानं म्हटलं. दुसरा म्हणाला, "पुंजाजीले फसवनारा अजून जलमाले यायचा हाय." त्याच्यावर सगळेच खळखळून हसले. शेला उचलून पुन्हा त्याच्या खांद्यावर टाकला गेला.

तो तसाच आत गेला. सोजरबाई चुलीशी होती. भावाकडं न बघता तिनं पुरी उलटली.

"तुले मालूम व्हतं?"

तिनं दुसरी पुरी कढईत सोडली.

"सोजर, तुह्या हातानं कुंकू लावलं व्हतं तू माह्या लेकीले. मले तोंड दाखवून बोल."

"भाऊ, पोट्ट्याचंच मन बसलं तिकडं," ती हळूच म्हणाली. "गेल्या साली वकील लेकीले घेऊन वाशीमले आल्ते, तवा त्यानं पोरगी पाह्यली. मी काय करू? आईले कोन इचारते? मंग म्हनलं, निदान तुह्या हातानं व्हावं. तुह्या हातानं झालं म्हंजे कोनी नाव ठेवत नाई आमाले."

"आन मले?"

"तुले कोन नाव ठेवते? समदे तं तुही वाहवा करून राह्यले." तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "जेवून जाय, भाऊ. पुऱ्या गरम हायत."

यानं हिला पाठीवर घेऊन वावरात नेली होती, आणि कोणी रडवलं तर त्याच्या अंगावर धावून गेला होता. तो मागच्या दारानं बाहेर पडला. जानरावानं आधीच त्याची गाडी जुंपून ठेवली होती, जू सारखं करत उभा होता.

"मामाजी, मी सांगनार व्हतो. गाडीत."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं," पुंजाजी म्हणाला. "म्हनूनच सांगा लागत व्हतं." आणि कासरा त्याच्या हातातून ओढून घेऊन त्यानं गाडी हाकली.

वाट जुनीच होती, पण त्या दिवशी ती संपता संपेना. त्याला रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदमच. लोकांचं काय, लोक उद्या विसरतील. पंचफुलाला काय सांगायचं? मला उल्लू बनवलं, हे सांगायचं. लाज वाटली तरी खरं ते सांगायचं. लेक आपली आहे, ती तरी समजून घेईल. बाप मूर्ख निघाला म्हणेल, म्हणू दे. मूर्ख बाप चालतो. एवढं ठरवलं तेव्हा कुठं त्याचं मन जरासं थाऱ्यावर आलं.

पण शेलूबाजारच्या बाजाराहून परतणाऱ्या गाड्या त्याच्या आधी आसेगावात पोचल्या होत्या. वेशीत दोघा-तिघांनी त्याला रामराम घातला, नेहमीपेक्षा जास्त वाकून. दारात पंचफुलाची माय उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या आणला नाही. त्याच्या खांद्यावरच्या शेल्याकडं बघितलं आणि आत निघून गेली. शेला अजून तिथंच होता, हे त्याला तेव्हा कळलं.

पंचफुला ओसरीवर वाकळ मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या तोंडावर रडल्याची खूण नव्हती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, कोठ्यात बसायचा तसा.

"बाई, ऐक माह्यं. मले फसवलं त्याह्यनं. तुह्या आत्यानं, तुह्या मामंजीनं, समद्याह्यनं मिळून. परीक्षेचा नारळ म्हने, आशीर्वाद द्या म्हने. म्या देल्ला. मले काईच मालूम नोतं."

तिनं टाका घातला, दोरा ओढला.

"बाबा, एक इचारू?"

"इचार ना, बाई."

"बैलाचं तोंड न उघडता तुमाले त्याचं वय समजते. मालक खोटं बोलून राह्यला का खरं, थे तो बोलायच्या आधीच समजते. अख्खा बाजार म्हन्ते, पुंजाजीले फसवता येत नाई." तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "आन मामाच्या हातचा नारळ कायचा असते, हे तुमाले समजलं नाई?"

"नाई समजलं, बाई. तुह्या गळ्याची आन. नाई समजलं."

पंचफुलानं बापाच्या तोंडाकडं एकदा बघितलं.

"बरं," ती म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला उजेडाकडं तोंड करून बसली.